स्वयंपाकघरातील शंका : मीटलोफ आणि कुस्करलेल्या बटाट्याचा कॅसरोल

मागील अंकात ओव्हनमध्ये भाजून करण्याच्या पदार्थांविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अमेरिकन घरगुती पदार्थाबद्दल होती : खाली मीटलोफचा, म्हणजे खिमा, अंडे आणि ब्रेड एकत्र करून भाजलेल्या मांसाचा थर आणि त्यावर लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा. असा एकाच भांड्यात ओव्हनमध्ये भाजून त्याच भांड्यातून वाढायचा पदार्थ म्हणजे कॅसरोल. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही ओहायोतील कोलंबस येथे राहतो. आमचे जावई इथलेच असून त्यांच्या माहेरघरी, म्हणजे त्यांच्या आईकडे, रविवारी रात्री मीटलोफ आणि बटाटा असेच जेवण असे. ते येणार म्हणून मी दोन्ही थर एकाच काचेच्या भांड्यात लावून भाजले. चवीला वाईट नव्हते, पण तळाशी तेलकट पाणी साचले, वरचा बटाटा त्यावर घसरू लागला आणि वाढताना काप सुटा निघेना. शिवाय बटाटा विलक्षण चिकट झाला होता. आठ माणसांसाठी प्रमाण आणि कृती सविस्तर द्यावी.
— एक वाचक, कोलंबस

उत्तर : तळाशी साचलेले पाणी आणि घसरणारा बटाटा यांचे मूळ एकच आहे; चिकटपणाचे कारण वेगळे, ते पुढे सांगतो. या पदार्थात चवीपेक्षा पाण्याचा हिशोब अवघड असतो. मांस तापले की त्यातील प्रथिने आकसतात आणि स्वतःतील पाणी बाहेर ढकलतात, चरबी वितळते, आणि सुटा मीटलोफ असता तर जे सगळे ताटलीत निथळून गेले असते, ते येथे बटाट्याच्या झाकणाखाली अडकते. म्हणून मांसाने पाणी धरून ठेवावे, जे सुटेल ते बटाटा पसरण्यापूर्वी काढून टाकावे आणि बटाटा स्वतः कोरडा असावा, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या की काप स्वच्छ निघतो.

आठ जणांसाठी 9 इंच बाय 13 इंचांचे भांडे घ्यावे. त्यासाठी 900 ग्रॅम (2 पौंड) खिमा लागतो. बीफ वापरत असाल तर पाकिटावर 85 टक्के लीन, म्हणजे बिनचरबीचे मांस, असे लिहिलेला घ्यावा. त्यातही 135 ग्रॅम चरबी असतेच, त्यामुळे मांस कोरडे पडण्याची भीती नाही. 80 टक्क्यांचा खिमा बर्गरला उत्तम, पण येथे त्याचे तेल उपसत बसावे लागते. काही दुकानांत बीफ, पोर्क आणि व्हील (वासराचे मांस) यांचे मिश्रण मीटलोफसाठी म्हणूनच विकायला असते, तेही चांगले.

पाणी धरून ठेवण्याचे काम दुधात भिजवलेला ब्रेड करतो. साध्या पांढऱ्या ब्रेडचे तीन काप तुकडे करून पाऊण कप दुधात दहा मिनिटे भिजवावेत आणि काट्याने मोडून त्यांचा लगदा करावा. ब्रेडमधील स्टार्च दूध शोषून घेतो आणि मांसाच्या कणांमध्ये बसून ती प्रथिने एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. कोरडा ब्रेडचा चुरा थेट घातला तर तो मांसातीलच रस ओढतो, त्यामुळे हा टप्पा वाचवू नये. एक मोठा कांदा बारीक चिरून चार लसूणपाकळ्यांसह लोण्यावर मऊ होईपर्यंत परतावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. कच्चा कांदा भाजताना पाणी सोडतो, आणि ते पाणी नेमके आपल्याला नको आहे. मग लगद्यात दोन अंडी, दीड छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा मिरपूड, अर्धा छोटा चमचा थाइम आणि दोन छोटे चमचे वुस्टर सॉस मिसळावे, त्यात कांदा घालावा आणि सर्वांत शेवटी खिमा घालावा.

मळण्याविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण आपल्या हाताला कणीक तिंबण्याची सवय असते. मीठ लागलेला खिमा जितका मळावा तितकी त्यातील प्रथिने सुटी होऊन चिकटतात आणि भाजल्यावर मांस सॉसेजसारखे घट्ट, रबरासारखे होते. बोटे पसरून, वर-खाली करत, सर्व जिन्नस जेमतेम एकजीव होतील इतकेच मिसळावे. पांढऱ्या लगद्याचे एखादे ठिपके दिसले तरी चालेल.

हे मिश्रण लोणी लावलेल्या भांड्यात पसरल्यावर थर सुमारे पाऊण इंच जाडीचा होतो. 350 अंश फॅरनहाइटला (सुमारे 175 अंश सेल्सिअस) तापवलेल्या ओव्हनमध्ये तो उघडाच 25 ते 30 मिनिटे भाजावा. तोवर मांस कडेपासून सुटून आत सरकलेले असते आणि भोवती रस जमलेला असतो. जाड फडक्याने धरून भांडे एका कोपऱ्याकडे कलते करावे आणि तो रस मोठ्या चमच्याने काढून टाकावा, उरलेला कागदी रुमालाने टिपावा. आपल्याकडून बहुधा हाच टप्पा राहिला असावा. त्यानंतर अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे ब्राउन शुगर आणि एक मोठा चमचा व्हिनेगर एकत्र करून त्याचा पातळ थर मांसावर द्यावा आणि पाच मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावे, म्हणजे तो मांसावर चिकटून बसतो आणि बटाटा घसरत नाही. पुष्कळजण हे केचप बटाट्याच्या वर घालतात. मला ते दिसायलाही आवडत नाही आणि त्याखालचा बटाटा खरपूस होत नाही.

आता बटाटा. मांस ओव्हनमध्ये असतानाच तो करावा. 1.3 किलो (3 पौंड) रसेट किंवा युकॉन गोल्ड बटाटे घ्यावेत. रसेटमध्ये स्टार्च अधिक आणि पाणी कमी असल्यामुळे तो भुसभुशीत होतो. युकॉन गोल्ड ही कॅनडातील ग्वेल्फ येथे तयार होऊन 1980 मध्ये बाजारात आलेली पिवळसर जात थोडी अधिक ओलसर, पण चवीला लोण्यासारखी. लाल सालीचे मेणचट बटाटे कोशिंबिरीसाठी ठेवावेत. सोललेल्या बटाट्यांचे दीड-दोन इंची तुकडे थंड, मीठ घातलेल्या पाण्यात घालूनच आच द्यावी. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग विरघळतो आणि आतला कच्चा राहतो. सुरी सहज शिरली की पाणी पूर्ण निथळून रिकाम्या गरम पातेल्यात ते एक-दोन मिनिटे मंद आचेवर हलवावेत. वाफ निघून जाऊन त्यांच्यावर पांढरट पीठ दिसू लागले की ते कोरडे झाले असे समजावे.

चिकटपणाचे कारण जवळजवळ नेहमी यंत्र असते. आपण मिक्सर किंवा फूड प्रोसेसर वापरला असेल, तर त्याच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून फुगलेला स्टार्च बाहेर आला आणि त्याची खळ झाली. एकदा झालेली खळ कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. हाताच्या मॅशरने किंवा रायसरने, म्हणजे बटाटा बारीक छिद्रांतून दाबून काढणाऱ्या साधनाने, कुस्करावे. घरात पुरणयंत्र असेल तर त्याहून चांगले साधन नाही, फक्त बटाटा गरम असताना फिरवावे. आधी 85 ग्रॅम लोणी घालून हलकेच कालवावे, मगच गरम दूध थोडे थोडे घालावे. एरवी पानात वाढायच्या बटाट्याला एक कप दूध लागले असते, तर येथे अर्धा ते पाऊण कप पुरते. शेवटी मीठ आणि एका अंड्याचा पिवळा बलक घालावा. बलकाने थर भाजताना धरून राहतो आणि रंगही चांगला येतो.

हा बटाटा आधी भांड्याच्या कडेने लावून मग मध्याकडे पसरावा, वर काट्याने रेघोट्या ओढाव्यात आणि 100 ग्रॅम किसलेले चेडर भुरभुरावे. ओव्हन 400 अंश फॅरनहाइटवर (सुमारे 200 अंश सेल्सिअस) नेऊन 15 ते 20 मिनिटे, म्हणजे रेघांची टोके तांबूस होईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे हात लावू नये. या वेळात मांस सुटलेला रस पुष्कळसा परत शोषून घेते. जावई भुकेले असले तरी त्यांना थांबायला सांगावे.

प्रश्न : आमच्या घरी गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही चालत नाही. टर्कीच्या खिम्याचा मीटलोफ केला की तो पुठ्ठ्यासारखा कोरडा होतो. काही उपाय आहे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : उपाय खरेदीपासून सुरू होतो. केवळ छातीच्या मांसाचा, 99 टक्के लीन असे लिहिलेला टर्कीचा खिमा या पदार्थाला निरुपयोगी आहे. मांड्यांचे मांस असलेला 93 किंवा 85 टक्क्यांचा घ्यावा. त्यात 200 ग्रॅम मश्रूम अगदी बारीक चिरून, लोण्यावर त्यांचे पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून आणि गार करून घालावेत. मश्रूममुळे ओलावा टिकतो आणि टर्कीत नसलेला मांसल खमंगपणाही येतो. दुधात भिजवलेल्या ब्रेडचा एक काप वाढवावा. बाकी कृती वरीलप्रमाणेच.

कोरडेपणाचे दुसरे कारण भीती हे आहे. कोंबडी-टर्की कच्ची राहू नये म्हणून लोक तासभर भाजतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने बीफ, पोर्क, लँबच्या खिम्यासाठी मधल्या भागाचे 160 अंश फॅरनहाइट (71 अंश सेल्सिअस) आणि कोंबडी-टर्कीच्या खिम्यासाठी 165 अंश फॅरनहाइट (74 अंश सेल्सिअस) इतके तापमान सांगितले आहे. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, तर खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात, म्हणून येथे आतील तापमान पाहणे आवश्यक असते. ते रंगावरून ओळखता येत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर बटाट्यातून आरपार मांसाच्या मध्यापर्यंत खुपसावा आणि 165 दिसताच भांडे बाहेर काढावे. वर ठेवलेला बटाटा हाही एक प्रकारे टर्कीच्या मदतीलाच येतो, कारण त्याच्याखाली मांसाचा पृष्ठभाग उघडा पडून वाळत नाही. त्या दृष्टीने सुट्या लोफपेक्षा कॅसरोल हीच टर्कीसाठी योग्य रीत म्हणावी लागेल.

प्रश्न : काही वर्षे मिनियापोलिसमध्ये काढून आम्ही पुण्याला परतलो. मुलांना तिथला हा पदार्थ हवा असतो. मटणाचा खिमा आणि घरातला ओटीजी यांवर तो जमेल का? मसाले घालावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल, मात्र मटणाच्या स्वभावाशी जुळवून घ्यावे लागेल. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे मूळ मांस आपल्याकडे मिळण्याचा प्रश्नच नाही, आणि आपले मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. ते बीफपेक्षा कमी चरबीचे आणि अधिक चिवट असते. खाटकाकडून खांद्याचे मांस घेऊन त्याचा खिमा दोनदा काढून घ्यावा आणि अर्ध्या किलोला 50 ग्रॅम चरबी त्यातच दळून घ्यावी. चरबी नको असेल तर तेवढेच मऊ लोणी मिश्रणात घालावे.

आपल्याकडे खिमा धुऊन घेण्याची पद्धत आहे आणि या पदार्थाचा घात तेथेच होतो. धुतलेल्या खिम्यात अडकलेले पाणी रश्श्यात खपून जाते, येथे ते तळाशी येऊन बसते. शक्य असल्यास मांसाचे तुकडे धुऊन, फडक्याने कोरडे करून मग खिमा काढून घ्यावा. तयार खिमा धुवायचाच असेल तर तो बारीक चाळणीत, फ्रिजमध्ये, किमान अर्धा तास निथळत ठेवावा आणि नंतर मुठीने दाबून पिळावा. कबाबाप्रमाणे कच्ची पपई लावण्याचा मोह आवरावा. पपईतील विकर प्रथिने तोडतो, आणि ज्या प्रथिनांनी काप धरून ठेवायचा तीच तुटल्यावर मांस पिठूळ होते.

20 सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी अर्धा किलो खिमा, लादीपावाचा दीड पाव, अर्धा कप दूध, एक अंडे, एक मध्यम कांदा आणि पाऊण किलो बटाटे पुरतात. ओटीजी 180 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे आधी तापवावा, आधी दोन्ही कांब्या चालू ठेवून 25 ते 30 मिनिटे मांस भाजावे आणि बटाटा पसरल्यावर 200 अंशांवर वरची कांबी चालू ठेवून रंग आणावा. छोट्या ओटीजीत वरची कांबी अगदी जवळ असते, म्हणून भांडे खालच्या खणात ठेवावे. आपल्या बाजारातील टोमॅटो केचप चांगलेच गोड असते, तेव्हा त्यात साखर न घालता व्हिनेगर थोडे वाढवावे. बटाटे कुकरमध्ये उकडत असाल तर अखंड, सालासकट आणि पाण्याच्या वर जाळीवर ठेवून उकडावेत. सोलून पाण्यात बुडवलेला बटाटा कुकरमध्ये पाणी पिऊन बसतो. पातळ सालीचा नवा बटाटा टाळावा, तसेच शीतगृहात फार थंडीत राहिलेला बटाटाही टाळावा, कारण थंडीत त्यातील स्टार्चची साखर होऊ लागते आणि चव गोडसर लागते.

मसाल्यांविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. गरम मसाला, आले आणि कोथिंबीर घातली की हा पदार्थ खिमा पॅटिसच्या, किंवा गोव्याच्या बटाटा चॉप्सच्या, गावाला जातो. ते पदार्थ उत्तमच आहेत, त्यांतही हेच दोन जिन्नस आहेत, पण तेथे खिमा आधी शिजवून बटाट्यात भरलेला असतो आणि वरून तळलेला असतो. मुलांना मिनियापोलिसची आठवण हवी असेल तर मिरपूड, लसूण, थोडी मोहरीची पूड आणि वुस्टर सॉस यांवरच थांबावे. फार तर एखादी हिरवी मिरची कांद्याबरोबर परतावी.

प्रश्न : मांस आणि बटाटा यांचा हा पदार्थ मुळात इंग्रजांचा कॉटेज पायच नव्हे का? अमेरिकेत तो घराघरांत कसा रुजला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघांची कुळी जवळची आहे, पण रचना वेगळी आहे. कॉटेज पायमध्ये खिमा आधीच रश्श्यात शिजवलेला, सुटा असतो आणि चमच्याने वाढला जातो, तर येथे कच्चा खिमा अंडे-ब्रेडने बांधून भाजला जातो आणि त्याचे सुरीने काप होतात. मांसात धान्य मिसळून ते पुरवठ्याला आणण्याची पद्धत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या लोकांत पूर्वीपासून होती. त्यांचा स्क्रॅपल हा मांसाचे उरलेसुरले भाग आणि मक्याचे पीठ यांचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिमा काढण्याची हाताची यंत्रे सर्वत्र मिळू लागली आणि कठीण, स्वस्त मांसही खाण्याजोगे झाले. 1929 नंतरच्या मंदीत, तसेच 1943 मध्ये मांसावर रेशन आले त्या काळात, ब्रेड किंवा ओट्स घालून थोडक्या मांसात सगळ्या घराचे जेवण भागवणारा हा पदार्थ गृहिणींना सोयीचा ठरला.

कॅसरोलची बाजू भांड्याची आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कंपनीने 1915 मध्ये उष्णता सोसणारी पायरेक्स काचेची भांडी विकायला आणली. ओव्हनमधून काढून तेच भांडे थेट टेबलावर मांडता येऊ लागले आणि एकाच भांड्यात संपूर्ण जेवण करण्याची रीत वाढली. मिनेसोटाकडे अशा पदार्थांना हॉटडिश म्हणतात, हे वरच्या पत्रातील पुण्याच्या मुलांना ठाऊक असेल. बटाटा तर जोडीला ताटात होताच. तो मांसाशेजारून उचलून मांसावर ठेवायला फारशा कल्पकतेची गरज नव्हती.

प्रश्न : कुटुंबातील दोघे शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक न करता काही करता येईल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : लहान भांड्यात त्यांचा थर वेगळा लावावा. बटाटा सर्वांना एकच, मात्र शाकाहारी मंडळींना अंडे चालत नसेल तर त्यांचा वाटा बलक घालण्यापूर्वी काढून ठेवावा. खालच्या थरासाठी अख्खे मसूर मऊ, पण न फुटतील इतके शिजवून पूर्ण निथळावेत आणि परतलेला कांदा, आटवलेले मश्रूम, भरड कुटलेले अक्रोड व ओट्स यांच्याबरोबर अर्धवट ठेचून थापावेत. हा थर आधी वीस मिनिटे भाजून कोरडा करावा. नेहमीच्या वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, त्याऐवजी सोया सॉस वापरावा.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. आदल्या रात्री तयार करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजता येईल का? उरलेले किती दिवस टिकते?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : येईल, पण मांस आदल्या रात्रीच पूर्ण भाजून ठेवावे. अर्धवट भाजलेले मांस फ्रिजमध्ये ठेवणे धोक्याचे असते, कारण ते कोमट असताना उरलेल्या जंतूंना वाढायला मोकळीक मिळते. थर्मामीटरवर 160 (टर्की असल्यास 165) आले की रस काढून, केचप लावून, मांस जरा निवल्यावर बटाटा पसरावा आणि भाजल्यापासून दोन तासांच्या आत भांडे फ्रिजमध्ये जाईल असे पाहावे. चीज मात्र दुसऱ्या दिवशीच घालावे. काचेचे थंडगार भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये एकदम ठेवल्यास तडकू शकते. ते फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवावे, किंवा असा बेत नेहमीचा असेल तर धातूचे भांडे वापरावे. सुरुवातीला वर फॉइल झाकून 350 अंश फॅरनहाइटला 35 ते 40 मिनिटे गरम करावे, मधला भाग 165 झाला की फॉइल काढून, चीज घालून रंग आणावा. या जेवणाबरोबर वाफवलेल्या फरसबीखेरीज काही नसले तरी चालते. आमच्याकडे काकडीची कोशिंबीरही खपते.

उरलेले झाकून फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस चांगले राहते. लोणी भरपूर असल्यामुळे बटाटा गोठवल्यावरही फारसा बिघडत नाही, तेव्हा फ्रीजरमध्ये ठेवायचे असल्यास एकेक काप वेगळा गुंडाळावा आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळू द्यावा. दुसऱ्या दिवशीच खाणार असाल तर मायक्रोवेव्हपेक्षा तवा बरा : थंड काप आधी बटाट्याची बाजू खाली ठेवून लोण्यावर खरपूस करावा, मग हलक्या हाताने उलटून झाकण ठेवावे आणि मांस आतपर्यंत गरम होऊ द्यावे.